चौसोपी वाड्याचा जमाखर्च

पुण्याच्या पेठांतून हिंडताना एखाद्या बोळात अजूनही जुना वाडा दिसतो. पुढे दिंडीचा दरवाजा, आत देवडी, मग चौक, चौकाच्या चारी अंगांना सोपे, मागे परस आणि परसात विहीर. बहुधा एका भिंतीला लाकडी टेकू दिलेला असतो आणि दरवाजावर धोकादायक इमारतीची नोटीस डकवलेली असते. आत राहते कोण? दोन म्हातारी माणसे, एखादा जुना भाडेकरू आणि कबुतरे. या घराचे करावयाचे काय, असा प्रश्न निघाला की आजवर एकच उत्तर मिळत असे : पाडा आणि इमारत बांधा. हल्ली दुसरे एक उत्तर कानावर येऊ लागले आहे. वाडा राखा आणि तो पर्यावरणाला अनुकूल करा. छपरावर सोलर बसवा, पावसाचे पाणी विहिरीत सोडा, ओल्या कचऱ्याचे खत करा. हे दुसरे उत्तर मला आवडते. पण ते देणारी मंडळी त्याला एक वाक्य हमखास जोडतात, की आपले पूर्वज निसर्गाला धरूनच राहत होते, आपण फक्त त्यांच्याकडे परत जावयाचे. या वाक्याशी माझे भांडण आहे आणि आजचे व्याख्यान त्या भांडणापुरतेच आहे.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन झाले ते बांधकाम मजुरांच्या संघटनेच्या कचेरीत, रात्री, मोर्चाचे फलक रंगवून झाल्यावर. त्यामुळे वाड्यात शिरलो की माझे लक्ष आधी महिरपीकडे जात नाही. ती कोणी कोरली, त्याला दिवसाला काय मिळाले आणि त्याचे स्वतःचे घर कशाचे होते, इकडे ते जाते. श्रोत्यांनी हा दोष समजावा किंवा धंद्याची सवय समजावी.

प्रथम वाडा कशाचा असे ते पाहू. जोते काळ्या दगडाचे. त्यावर सागवानी खांब आणि तुळया यांचा सांगाडा. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि घराचा मोठेपणा खणांवर मोजावयाचा. भिंती खाली विटांच्या, वर पुष्कळदा नुसत्या मातीच्या, दोन-दोन हात जाडीच्या. आत जमीन शेणाने सारवलेली. वर नळीची कौले. मंगळुरी कौले नंतरची. मंगळुरास बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, तेव्हा पेशवाई बुडून सत्तेचाळीस वर्षे झाली होती. लाकूड किती असे याचा अंदाज शनिवारवाड्यावरून येतो. त्याचा पाया १७३० साली घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या फेब्रुवारीत तो पेटला. आज आपण पाहतो ती जोती, तट आणि दरवाजे. मधला सगळा डोलारा लाकडाचा, तो गेला.

दगडविटा सांधण्यासाठी चुना. माझे आजोबा चुन्याच्या घाणीवर बैल हाकत, म्हणून या विषयावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. चुनखडीचे खडे भट्टीत भाजावयाचे. रसायनशास्त्र असे सांगते, की शंभर शेर शुद्ध चुनखडी भाजली की छप्पन्न शेर कळीचा चुना उरतो आणि चव्वेचाळीस शेर कर्बवायू होऊन हवेत जातो. कळी पाण्यात विझवली की फसफसते, तापते. मग ती वाळूबरोबर घाणीत घालावयाची. घाणी म्हणजे जमिनीत गोल चर आणि चरातून फिरणारे दगडी चाक. बैल दिवसभर फिरे, माणूस त्याच्या मागून फिरे. मळलेल्या चुन्यात गुळाचे, हिरड्याचे पाणी पडे. असा चुना भिंतीत गेला की वर्षानुवर्षे हवेतला कर्बवायू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. भट्टीने जे हवेत सोडले त्याचा मोठा भाग भिंत सावकाश परत घेते. सिमेंटचा हिशेब याहून जड आहे. चुन्याच्या भट्टीला नऊशे अंशांच्या आसपास उष्णता पुरते, सिमेंटला साडेचौदाशे लागते, आणि आज साऱ्या जगातून जो कर्बवायू निघतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या धंद्याचा आहे.

हे ऐकून चुन्याचा जयजयकार करण्याचा मोह होतो. पण भट्टीला सरपण लागे, ते डोंगर उतरून येई. घाणीवरच्या माणसाच्या हाताची कातडी चुन्याने खाल्लेली असे. आजोबांच्या बोटांच्या पेरांत भेगा होत्या आणि त्या उन्हाळ्यातही मिटत नसत. त्यांच्या घराच्या भिंती कुडाच्या होत्या. चुना दुसऱ्याच्या घरासाठी. तरीही एक गोष्ट पक्की आहे, आणि वाडा पाडावयास निघालेल्यांनी ती ध्यानात घ्यावी. उभ्या असलेल्या भिंतीची वीट भाजावयास लागलेले सरपण दोनशे वर्षांपूर्वीच जळून गेले आहे. तो खर्च झाला. ती भिंत पाडून नवी उभी करणे म्हणजे एकदा फेडलेले कर्ज पुन्हा काढणे.

आता पाण्याकडे येऊ. इथे वाड्याचा खरा जमाखर्च दिसतो.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी शहरात आणले. आठ-नऊ किलोमीटरांचा बंदिस्त नळ, वाटेत जागोजाग उच्छ्वास, शहरात हौद. पंप नाही, इंधन नाही; पाणी आपल्या उताराने येई. पर्यावरणाच्या दृष्टीने याहून स्वच्छ काम आज कोणी करून दाखवावे! पुण्यात साततोटी हौद, काळा हौद ही नावे अजून पत्त्यांत टिकून आहेत. बड्या वाड्यांतून त्या नळाचे पाणी खेळे, बाकीच्यांना हौद. आणि बाकीच्यांतही ज्यांना अस्पृश्य ठरवले होते त्यांना हौद नाही. पाणी उताराने आले आणि जातीच्या उंबरठ्याशी थांबले. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या गंज पेठेतल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ही गोष्ट सामाजिक सुधारणेच्या प्रकरणात सांगतात, ते बरोबरच आहे. पण घरांच्या इतिहासातही तिला जागा आहे. एका कुटुंबाच्या मालकीचे पाणी, त्या कुटुंबाला लागते त्याहून अधिक असलेले, त्याने तहानलेल्यांसाठी उघडले. त्याआधी पाच वर्षे, १८६३ मध्ये, फुले पतिपत्नींनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. आपल्या जागेत कोणाला येऊ द्यावयाचे हा प्रश्न त्या घराने दोनदा सोडवला, आणि दोन्ही वेळा आपल्या जवळच्यांच्या रोषाला तोंड देऊन. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, चुना-दगडाचा भाव त्यांना ठाऊक होता. हे मला नेहमी महत्त्वाचे वाटते.

ज्या वाड्यांत नळ नव्हता तिथे परसातली विहीर. जुन्या वाड्यात पाणी जपून वापरीत असे आपण ऐकतो. ते खरे आहे. पण का जपून वापरीत? घागरीत पंधरा-एक लिटर पाणी मावते. चाळीस माणसांच्या घरात माणशी दोन घागरी धरल्या तर रोज ऐंशी घागरी शेंदावयाच्या. आज शहराला पाणी पुरवताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. त्या मापाने चाळीस माणसांना तीनशे साठ घागरी होतील. तीनशे साठ घागरी कोण शेंदणार होते? ज्या ऐंशी निघत त्या घरच्या सुना, आश्रित विधवा आणि पाणक्या यांच्या दंडातून निघत. काटकसर ही घराची शिकवण होती असे आपण म्हणतो, वस्तुतः ती खांद्याच्या दुखण्याने घातलेली मर्यादा होती. रहाटावर ज्याचा हात नसे त्याने काटकसरीची थोरवी सांगू नये.

न्हाणीचे पाणी मोरीतून परसात जाई आणि तिथे अळू माजे, केळीला घड लागे. सांडपाण्याचा याहून नेटका उपयोग नाही, हे मी मान्य करतो आणि त्याची पुन्हा सुरुवात व्हावी असे म्हणतो. पण परसाच्या पलीकडे एक बोळ असे. त्या बोळाविषयी पूर्वजांचे गोडवे गाणारे कधी बोलत नाहीत. शेतखान्याखालचे टोपले उचलावयास त्या बोळातून माणूस येई. त्या काळी ज्यांना भंगी म्हणत त्या जातीचा, बहुधा बाई. मैला डोक्यावरून गावाबाहेर जाई, तिथे त्याचे सोनखत होई आणि ते शेतात पडे. चक्र पुरे होई, यात शंका नाही. आजच्या भाषेत त्याला पुनर्वापर म्हणतील. पण ते चक्र एका जातीच्या डोक्यावर फिरत होते. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, मुंबई सरकारला या कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमावी लागली. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्याचा कायदा १९९३ मध्ये झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः झाडू हातात घेतला आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात असे संडास करून दाखवले, की मैल्याचे खत व्हावे पण ते कोणाच्या डोक्यावरून जाऊ नये. पूर्वजांकडे परत जावयाचेच असेल तर या पूर्वजाकडे जावे.

वाड्याची हवा थंड असते, ही गोष्ट खरी. मातीची जाड भिंत दिवसभराचे ऊन पोटात घेते आणि ते आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. चौकातून तापलेली हवा वर निघते, सोप्यांतून थंड हवा आत येते. कौलांच्या फटींतूनही ऊब निसटते. हीच कौले उतरवून वर काँक्रीटचा स्लॅब घातला की तो दिवसा तापतो आणि रात्री निजलेल्यांच्या अंगावर ती धग सोडतो. मग वातानुकूल यंत्र आणावे लागते, त्याची गरम हवा चौकात आणि शेजाऱ्याच्या खिडकीत. मात्र त्याच वाड्याचे माजघर भर दुपारी अंधारे असे. चुलीचा आणि बंबाचा धूर तिथे कोंडे. त्या धुराने कोणाचे डोळे गेले हे सांगावयास नको. १८९७ च्या प्लेगात सरकारी पथके घरांत शिरली, त्यांनी सामान बाहेर काढले, भिंतींना चुना फासला. त्या जुलमाचा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण ती पथके येण्यापूर्वीही माजघरात उजेड नव्हता.

पेशवाई गेल्यावर वाड्यांचे मालक हळूहळू आटले. सोपे लाकडी फळ्यांनी विभागले गेले, एकेका दोन खणांत एकेक बिऱ्हाड आले. शिंपी, कारकून, छापखान्यातले जुळारी, शिकावयास आलेली मुले. वाड्याच्या आयुष्यातला हा काळ लेखकांनी विनोदाने रंगवला आहे. नळावरची भांडणे, एक संडास आणि दहा बिऱ्हाडे, हे सगळे झाले. हाल होते, ते मी झाकत नाही. माझे बालपण अशाच दोन खणांत गेले. पण माणशी किती जागा, किती लाकूड, किती कौल, किती दिवा असा हिशेब केला, तर याइतके काटकसरीचे घर पुण्यात त्याआधी नव्हते आणि त्यानंतर झाले नाही. वाडा मोठा होता असे आपण म्हणतो. तो माणसांनी भरलेला होता. माणसे गेली तेव्हा तो मोठा झाला.

माणसे का गेली? त्याला कारणे दोन, आणि दोन्ही आमच्या चळवळीच्या अंगणातली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. युद्धाच्या महागाईत गरिबाला रस्त्यावर येऊ न देणारा तो कायदा होता आणि त्यासाठी कामगारांनी केलेला आग्रह योग्यच होता. पण कायद्याने भाडे बांधले, दुरुस्तीची मात्र सोय केली नाही. मालकाने दुरुस्ती टाळली तर भाडेकरूने नोटीस देऊन ती करावी आणि भाड्यातून कापावी, अशी तरतूद होती; पण कापावयाचे ते वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. महिना दहा रुपये भाडे असेल तर वर्षाचे एकशेवीस, त्याचा चौथा हिस्सा तीस. तीस रुपयांत कौलांची एक पाटीही बदलत नाही. मुंबई शहरासाठी १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढले. पुण्याच्या वाड्यांना ते लाभले नाही. गोठलेली भाडी अन्यायाची आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली. पन्नास वर्षांच्या गळतीला चार टक्के! मालकाने वाडा पडण्याची वाट पाहावी आणि भाडेकरूने तो पडू नये म्हणून देवाला हात जोडावेत, अशी ती व्यवस्था होती.

दुसरे कारण १२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरण गेले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी चढले. मातीच्या भिंतींनी ते पाणी प्याले आणि त्या खाली बसल्या. हजारो कुटुंबे नव्या वसाहतींत गेली. ज्यांचा वाडा उभा राहिला त्यांचाही मातीवरचा विश्वास उडाला. त्यानंतर पुण्यात सिमेंट म्हणजे सुरक्षितता हे समीकरण झाले. पूर येतो त्या जागी मातीची भिंत नको हे ठीक; पण उंचावरच्या वाड्यांनाही सिमेंटचा गिलावा चढवला गेला, तो चुकीचा होता. मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीला श्वास लागतो. आत शिरलेली ओल तिला बाहेर टाकता आली पाहिजे. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की ओल आतच फिरते, भिंतीला लोणा लागतो, गिलावा फुगून पडतो आणि आतले लाकूड कुजते. मग इंजिनियर येऊन सांगतो की वाडा जुना झाला. वाडा जुना झालेला नसतो, त्याला गुदमरवलेला असतो.

आता आजच्या प्रश्नावर येतो. काही वर्षांपूर्वी एका पेठेतल्या वाड्याचे भांडण माझ्याकडे आले. दोन भाडेकरू आमच्या संघटनेचे सभासद होते म्हणून आले, एरवी माझा काय संबंध? मालकीण वयाने ऐंशीच्या घरातल्या, सगळे त्यांना आजी म्हणत. तीन बिऱ्हाडे मिळून माणसे सात, आणि बारा खोल्यांना कुलुपे. आजींची नात परदेशात वास्तुशास्त्र शिकून आली होती. तिने आराखडा केला होता : सोलर, पाण्याची टाकी, खिडक्यांना दुहेरी काचा, बंद खोल्यांना उष्णतारोधक अस्तर. मुलगी हुशार आणि मनापासून काम करणारी. मी तिला एवढेच विचारले, "ताई, या बारा खोल्या थंड कोणासाठी ठेवायच्या?"

तिला राग आला नाही, हे तिचे मोठेपण. आम्ही चौकात बसून आकडे मांडले. छपराचे क्षेत्र सुमारे दोनशे चौरस मीटर. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर छपरावर एक लाख चाळीस हजार लिटर पाणी पडते. कौले पितात, वाहून जाते, ते वजा करून एक लाख दहा हजार हाती लागावे. १३५ लिटरांच्या मापाने हे सात माणसांना जेमतेम चार महिने आणि वीस माणसांना सव्वा महिना पुरते. नात म्हणाली, "म्हणजे माणसे वाढवली तर घर पाण्यात कमी स्वयंपूर्ण होईल." आकड्यांनी तिचे बरोबर होते. पण ती वाढीव तेरा माणसे काही पाण्याशिवाय राहत नव्हती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या सिमेंटच्या नव्या खोल्यांत, त्याच धरणाचे पाणी पीत होती. घराच्या उंबरठ्याशी हिशेब थांबवला की घर सुधारते आणि शहर बिघडते. बारा बंद खोल्या म्हणजे दुसरीकडे कुठे तरी बारा खोल्या नव्याने बांधणे. त्यांची वीट, त्यांची वाळू, त्यांचा स्लॅब, हे सगळे या कुलुपांच्या खाती लिहावयास हवे.

तेव्हा पहिले काम ठरले ते कुलुपे काढण्याचे. परगावाहून शिकावयास आलेल्या मुलींना खोल्या दिल्या, एका खोलीत शेजारच्या बायांचे शिवणकाम आले. जुन्या बिऱ्हाडांना भीती होती, की नवी माणसे आली की आपले जाणे ओघानेच आले. ती भीती रास्त होती. म्हणून आधी त्यांचा हक्क कागदावर घेतला आणि मग कुलुपे निघाली. या क्रमावर मी अडून बसलो आणि महिनाभर नातीचे आराखडे गुंडाळून पडले होते.

विहीर उपसली. विहिरीत उतरणे धोक्याचे काम आहे. बंद विहिरीत प्राणवायू नसतो आणि माणूस हाक न मारता मरतो. आधी हवा खेळवली, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोघे, याशिवाय कोणाला पायरी उतरू दिली नाही. गाळाबरोबर दोन पितळी तांबे आणि एक सायकलचे चाक निघाले. पन्हाळीचे पाणी गाळून विहिरीत सोडले आणि तिच्यावर एक लहान पंप बसवला, कारण रहाट पुन्हा सुनांच्या हाती द्यावयाचा नव्हता. मोरीचे पाणी परसात, तिथे अळू. सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा केला. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधण्यातच दोन महिने गेले. सापडला तो सत्तरीचा. त्याच्या हाताखाली दोन पोरे दिली, आणि शिकणाऱ्या पोरांनाही रोज पुरा द्यावयाचा असे ठरले. सोलर जुन्या वाशांवर नको, भार सोसणार नाही. ते मागच्या संडासांच्या स्लॅबवर लोखंडी चौकट उभी करून बसवले. केंद्र सरकारने २०२४ मध्ये घरच्या छपरावरील विजेसाठी तीन किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले, ते चांगले झाले. पण अनुदान छपरावर ज्याचा हक्क त्याला मिळते, खाली भाड्याने राहणाऱ्याला छप्पर नसते. आम्ही जिन्याचा, पंपाचा आणि चौकाचा दिवा त्या विजेवर घेतला, म्हणजे ती सर्वांची झाली. दुहेरी काचा रद्द केल्या. मातीच्या भिंतीला त्यांची गरज नव्हती.

खतासाठी परसात दोन खड्डे केले. खड्डा कोणी वरखाली करावयाचा यावर मात्र खरी कसोटी लागली. एका सद्‌गृहस्थांनी सुचवले, की कचरा वेचणाऱ्या बाईंनाच सांगू, त्यांना सवय असते. पुण्यातल्या कचरावेचक बायांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि २००८ पासून त्यांची स्वच्छ ही सहकारी संस्था महानगरपालिकेबरोबर काम करते, हे त्या गृहस्थांच्या गावी नव्हते. मी त्यांना मागच्या बोळाची गोष्ट सांगितली. सध्या खोलीवार पाळी आहे. प्रत्येक खोलीचा आठवडा ठरलेला, शिवणकामाच्या खोलीचासुद्धा.

राहता राहिले छप्पर. कौलारू घर दर वर्षी पावसाळ्याआधी शाकारावे लागते. कौले उतरवा, फुटकी वेगळी काढा, रिपा तपासा, पुन्हा चढवा. स्लॅबवाल्यांचा कौलांवरचा खरा आक्षेप हाच असतो, की त्यात दर वर्षी मजुरी जाते. जाते. ती मजुरी आहे म्हणूनच छप्पर दोनशे वर्षे टिकते. पण ती कोणी द्यावयाची हे १९४७ पासून आजवर कोणी नीट लिहून ठेवले नव्हते. त्या वाड्याच्या करारनाम्यात ते सातवे कलम आहे. शाकारणी मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात व्हावी. मजुरी त्या वर्षीच्या सरकारी किमान वेतनाहून कमी नसावी. वर चढणाऱ्याला पट्टा आणि विमा असावा. खर्चाचा अर्धा भाग मालकिणीने व अर्धा राहणाऱ्यांनी खोल्यांच्या प्रमाणात द्यावा. या एका कलमावर सह्या होण्यास आठ महिने लागले. आजींनी सगळ्यात शेवटी केली. यंदाची शाकारणी चौथी.